गोड्या पाण्याची जागा

तळ्याच्या बुडात खुपसलेल्या नळीतून वर आलेल्या चिखलात खाऱ्या पाण्यातल्या शिंपल्याचा तुकडाही नव्हता. उल्काबाईंचा चेहरा खुलला. नदीच्या मुखावरचं हे तळं मुळात गोडंच, समुद्र अलीकडे आत घुसला, असं त्यांनी वीस वर्षांपूर्वी याच जागेच्या मातीवरून ठासून सांगितलं होतं. म्हणून तर सरकारनं खाडीच्या तोंडाशी दरवाजे बांधून भरती अडवली. मग मासळी गेली, निम्मा कोळीवाडा उठला. आणि आता कालपरवाचा एक पोरगेला संशोधक याच तळ्यात इतरत्र कालवांचे शिंपले काढून म्हणत होता, तळं पहिल्यापासून खारंच!

"जागा बरोब्बर लक्षात ठेवलीत, धाकूकाका."

"न ठेवून कसं चालंल?" होडीचा म्हातारा तांडेल वल्हं आवरत म्हणाला. "दरवाजे नव्हते तवा अख्ख्या खाऱ्या तळ्यात बुडातून गोडा झरा फुटायचा तो हितंच. तुमी पावण्या, उन्हातान्हात आलेल्या. तहान लागंल म्हणून पयल्या खेपेला होडी मुद्दाम हितं लावली."

उल्काबाईंनी नळी खाली ठेवली. वीस वर्षांपूर्वी त्या दिवशी याच्याच कळशीतून त्या घटाघटा पाणी प्यायल्या होत्या. "किती गोड!" म्हणाल्या होत्या. कुठून भरलं, ते मात्र विचारलं नव्हतं.