तिसऱ्या दिवसाची पट्टी

बेळगावच्या चिंतामणी डॉक्टरांचा कंपाउंडर मार्तंड बारा वर्षं सायकलवरून खेडोपाडी जाऊन रोग्यांच्या जखमांवरच्या पट्ट्या बदलत होता. त्या दिवशी तो कडोलीच्या मनुबाईकडं निघाला होता. गवत कापताना तिच्या पायाला विळा लागला होता. माळावरच्या पायवाटेवर, ससे टिपायला रस्ता सोडून आलेल्या कुणा साहेबाच्या मोटारीनं त्याला उडवलं आणि त्याची पोटरी मागून फाटली.

डॉक्टरांनी टाके घातले. बाहेर रोग्यांची रांग लागली होती. मान वर न करता ते नेहमीचं वाक्य बोलून गेले, "काळजी नको. तिसऱ्या दिवशी आमचा माणूस घरी येऊन पट्टी बदलून जाईल."

थकलेल्या मार्तंडनंही सवयीनं मान डोलावली. तो माणूस म्हणजे आपणच, हे त्याला घरी खाटेवर पडल्यावर उमगलं.

गुडघा वाकत नव्हता, जखमेपर्यंत हात पोचत नव्हता. तरी तिसऱ्या दिवशी सकाळपासून त्याची नजर दाराकडंच होती. दुपारी उंबऱ्याशी पावलं वाजली. डॉक्टरांनी कुणाला तरी धाडलं म्हणायचं, असं पुटपुटत त्यानं पाय लांब केला.



चार कोस लंगडत आलेली मनुबाई समोर टेकली आणि आपलाही पाय लांब करून म्हणाली, "लई वाट बघितली रं. तू काय आला न्हाईस, म्हणून मीच आलो. सोड पट्टी."