रिकामी खुर्ची झुलवू नये

आईची झुलती खुर्ची आपली आपण झुलायला लागली, तशी ओदालिसच्या हातातली कॉफी तिच्या झग्यावर सांडली.

खुर्चीत कोणी नव्हतं. वाराही नव्हता, मातान्सासच्या त्या गल्लीत दुपारचा वारा येतच नाही. आई जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. आणि रिकामी खुर्ची झुलवू नये, गेलेलं माणूस येऊन बसतं, हे आईनेच दोघी पोरींच्या पाठीत धपाटे घालून शिकवलं होतं. ओदालिस आता पन्नाशीला आली, पण रिकाम्या खुर्चीला तिने आजवर चुकूनही धक्का लागू दिला नव्हता.

"कोब्रेच्या माते, सांभाळ गं!" म्हणत ती धावली आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी दाबून धरली. खुर्ची थांबली. मग खुर्चीनेच तिला हिसका दिला.

ओदालिस अशी किंचाळली की शेजारचा पोपट दचकून ओरडायला लागला. ऐकू गेलं नाही ते फक्त मिग्दालियाला. ती शेगडीपाशी पाठमोरी, अनवाणी उभी राहून कच्च्या केळ्याचे काप तळत होती. मिग्दालिया ही तिची धाकटी बहीण, जन्मापासून बहिरी. आई गेल्यापासून एकटी राहत होती, आणि आज तिला उचलून कार्देनासला आपल्या घरी न्यायचीच, असं ठरवून ओदालिस आली होती. रिकामी बॅग खोलीच्या मधोमध ठेवून तिने आल्या आल्या हातवारे करून फर्मावलंही होतं: कपडे भर. मिग्दालियाने वाद घातला नाही. कॉफी दिली, बस म्हणाली आणि तळायला घेतलं. तिथेच खरं तर ओदालिसला संशय यायला हवा होता.

हात सुटला तशी खुर्ची धाडधाड आपटायला लागली. जमिनीच्या लाकडी फळ्या हादरल्या. त्याबरोबर मिग्दालिया वळली. चेहरा असा फुललेला, जसे काही पाहुणेच आलेत. तिने कढई उतरवली, ताईला बाजूला सारून गॅलरीत गेली आणि वाकून खाली हात केला.

खाली पाववाला सायकल धरून उभा होता. त्याच्या हातात लाकडाची एक मूठ होती. मुठीला मासेमारीची बारीक दोरी. ती भिंतीवरून वर आली होती, कठड्याच्या कप्पीवरून आत शिरली होती आणि आईच्या खुर्चीच्या मागच्या दांडीला बांधलेली होती.

मिग्दालियाने दोरीची टोपली खाली सोडली, पाव वर ओढून घेतला, हात पुसले आणि मग बोलायला मोकळी झाली. तिचं बोलणं हातांचं.

"बघितलंस, ताई? खालून ओढलं की ही डुलते. पाठ असली तरी फळ्या माझ्या तळपायाला सांगतात. घरात चप्पल घालायची सोडलीय मी."

"आणि तो दिवा? कर्णबधिर संघटनेने बसवून दिलेला?"

"झकास आहे. खालचं बटण दाबलं की पेटतो. वीज असली तर."

वीज सकाळपासून नव्हती.

"मी मागे आले त्या दिवशीही नव्हती!" ओदालिसचे हात भराभर चालायला लागले. "मी खाली दार बडवतेय, लोक जमलेत, आणि तू वर निवांत पायाचं शिलाई मशीन चालवत बसलेली! मला वाटलं, गेलीस तू. आईसारखी."

"म्हणून तर हे केलं. लगेच. शेजारच्या निवाल्दोकाकांनी त्यांच्या बोटीवरची कप्पी दिली."

"आणि रात्री?"

"खुर्ची पलंगाला टेकवते. पलंग हलतो."

"एखादा बेवडा ओढत बसला तर?"

"वरून बादली ओतली एकावर. परत नाही आला."

ओदालिसला हसू आलं, ते तिने कसंबसं गिळलं. हरायची सवय नव्हती तिला.

"पण आईचीच खुर्ची कशाला मेली? दुसरं काही नव्हतं घरात?"

"बाकी काहीही ओढलं की पडतं. ही जाते आणि परत येते."

"अगं बये, रिकामी झुलवतेस! आई येऊन बसेल!"

मिग्दालियाने हाताची मूठ वळून डोक्यामागे नेली. तो आईचा अंबाडा. त्या घरात आईचं नाव असंच घेत.

"बसू दे की. दारात कोण आलंय ते मला रोज कोण सांगायचं?"

ओदालिसच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने लपवलं नाही. मग ती काप खायला बसली आणि सगळी थाळी संपवून उठली. बॅग रिकामी परत गेली नाही; मिग्दालियाने तीत पेरू, अर्धा पाव आणि ताईसाठी शिवलेला नवा झगा भरला.

खाली रस्त्यावर आल्यावर ओदालिस थांबली. ती मूठ भिंतीशी लोंबत होती. कोणी बघत नाहीये ना, हे तिने डावीउजवीकडे पाहून घेतलं आणि मूठ धरली. हलकेच ओढली. सोडली. पुन्हा ओढली.

मिग्दालिया झारा घेऊनच गॅलरीत आली. "काय विसरलीस?"

ओदालिसने बॅग खाली ठेवली, कारण तिला दोन्ही हात लागणार होते. हाताची मूठ वळून डोक्यामागे नेली.

"काही नाही गं. आईला झोका देत होते."