दारातली हरळी

धाकट्या जावेला जनाची नाही, निदान मनाची तरी लाज हवी होती. वैशाख तापलेला, टाकवे गावची विहीर तळाला गेलेली, पंचांनी घरटी दोनच हंडे ठरवून दिलेले, आणि मुक्ताबाईच्या दारात हिरवंगार गवत. झुंबरबाई दोन घरांमधल्या कुडाच्या फटीतून रोज ते बघायची आणि रोज तिचा जीव जळायचा.

गवत तरी कसलं? हरळीच. शेतात उगवली तर बायका खुरप्यानं उपटून बांधावर फेकतात, तीच. पण मुक्ताबाईचा नवरा महिपती लोणावळ्याला एका शेटच्या बंगल्यावर माळी. त्यानं पावसाळ्यात ती दारात लावली, कात्रीनं सारखी केली आणि तिला ‘लान’ म्हणायला लागला. तेव्हापासून आलागेला आधी तिथं टेकायचा. थोरल्या घराचं सारवलेलं अंगण तडे जाऊन मोकळंच.

पंचांचा नेम होता, माणसं-जनावरं सोडून कशाला पाणी घातलं तर त्या घराची पाळी बंद. म्हणून त्या सकाळी झुंबरबाई विहिरीवर रांगेत थांबलीच नाही. विहिरीच्या राखणदाराला, बारकूला, पुढं घालून ती घराकडे फिरली.

“मावशी, डोळ्यांनी बघितल्याबिगर मी पंचांना सांगायचो न्हाई.”

“मग उघड डोळं. गवत काय थुकीवर जगतंय व्हय?”

कुडाला वळसा घालून दोघं मुक्ताबाईच्या दारात आली. गवत ओलं होतं. आणि मधोमध, कमरेला पंचा गुंडाळून, झुंबरबाईचे सासरे आबा उभ्यानं अंघोळ करत होते. शेजारी तिच्याच घरचं घंगाळ. पहाटे तिनंच पाणी तापवून त्यात ओतून दिलं होतं आणि मग हंडे घेऊन ती बाहेर पडली होती. रोजच्यासारखी.

वाटणीच्या वेळी आबांना तिनं भांडून आपल्याकडे ठेवून घेतलं होतं. हल्ली न्हाणी कोरडी दिसायची. म्हातारा पाणी जपायला शिकला, असं तिनं विहिरीवर चारचौघींत सांगितलंही होतं.

बारकूनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

“आबा, आपली न्हाणी काय वाहून गेली?”

आबांनी उरलेलं पाणी सावकाश डोक्यावर घेतलं. ते गवतात मुरून गेलं.

“न्हाणीत न्हायलो की किती सांडलं त्यावरनं तू दिसभर बोलतीस. गवत काय बोलत न्हाई, झुंबर.”

मुक्ताबाई पदर पुढं ओढून उंबऱ्यात आली. “आक्का, मी थेंब घातला न्हाई. आबा आपणहून येत्यात. त्यास्नी नगं कसं म्हनू?”

“माणसाचीच अंघोळ हाय, मावशी. नेमात बसतंय,” बारकू म्हणाला आणि सटकला. आता तो ही गोष्ट आधी विहिरीवरच्या बायकांना सांगणार, हे झुंबरबाईला ठाऊक होतं.

आबा अंग पुसत ओसरीकडे गेले. धाकट्याच्या ओसरीकडे.

झुंबरबाई घंगाळ उचलायला गवतात शिरली. तळपायांना गार लागलं. घंगाळ रिकामं होतं, उचलायला कितीसा वेळ लागतो. पण ती उभीच राहिली. पायाची बोटं तिनं हळूच गवतात रुतवली. मग मुक्ताबाई बघतेय हे ध्यानात आलं, तशी तिनं मान ताठ केली.

“पाणी माज्या घरचं. तवा गवत बी माजं. तू निस्ती राखण करायची, मुक्ते. आन् महिपतीला सांगावा धाड, म्हनावं कात्री घिऊन ये. माजं गवत लय वाढलंय.”