नकार, तलम आणि विठाबाई

विठाबाईंनी दुसऱ्याच प्रयत्नात 'शेवाळ' ओळखलं, तेव्हा हिंदुरावांनी चहाचा कप खाली ठेवला. हा सलग सहावा दिवस. योगायोग सहा दिवस चालत नाही, हे त्यांना मोरिवलीच्या कारखान्यात एकतीस वर्षं माल तपासून कळलेलं होतं. एक नग बरोबर निघाला तर नशीब. सहाच्या सहा निघाले तर कुणीतरी माप वाकवलेलं असतं.

खेळ साधा होता. शिरगावातल्या त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी प्रमोद रोज सकाळी आठ वाजता मनात एक तीन अक्षरी शब्द धरायचा. लोक ग्रुपवर शब्द पाठवायचे. अक्षर जागच्या जागी असलं तर हिरवा ठिपका, जागा चुकली तर पिवळा, अक्षरच नसलं तर काळा. प्रयत्न पाच.

गेल्या आठवड्यापर्यंत यात हिंदुराव अव्वल होते, आणि उगाच नव्हते. महिनाभराची वर्तमानपत्रं समोर घेऊन त्यांनी कुठलं अक्षर किती वेळा येतं याचा तक्ता केला होता. पहिला शब्द कायम 'नकार'. दुसरा 'तलम'. दोन घावांत सहा अक्षरं तपासून मोकळं व्हायचं, मग जागा बघायच्या, मग काना, मात्रा, वेलांटी. 'नकार' हा शब्द तर नोकरीपासूनच त्यांच्या आवडीचा.

विठाबाई मात्र कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता एक शब्द टाकायच्या. फार तर दुसरा.

"तुला कोण सांगतं?" हिंदुरावांनी विचारलं.

"सांगायला कशाला हवं? काल तो प्रमोद टाकीचं झाकण उघडून अर्धा तास आत बघत उभा होता. म्हणजे शेवाळ, नाहीतर गाळ. गाळात अक्षरं दोनच."

असल्या उत्तरावर तपासनीस विश्वास ठेवत नसतो. हिंदुराव तसेही विश्वास ठेवणाऱ्यांतले नव्हते. दोन वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला. तेव्हापासून ते रोज सकाळी तासभर एकटे चालत, कारल्याचा रस तोंड वाकडं न करता पीत, आणि फिरून आल्यावर आपला रुमाल आपणच धुऊन वाळत घालत. सून किर्ती मैत्रिणींना सांगायची, सासरे असावेत तर असे. तरी रिपोर्टातली साखर जागची हलेना. डॉक्टर चक्रावले. हिंदुरावांनी तीन लॅब बदलल्या. त्यांचा संशय लॅबवर होता.

आता तो प्रमोदवर आला. विठाबाई आंघोळीला गेल्या तशी त्यांनी बायकोचा फोन उघडला. प्रमोदचा एकच मेसेज होता. 'काकू, लोणच्याची बरणी उद्या आणून देतो.' हिंदुरावांनी तो तीनदा वाचला. बरणी. अक्षरं तीन.

दुसऱ्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा 'नकार' बाजूला ठेवून त्यांनी 'बरणी' टाकला. तीन काळे ठिपके आले. पाठोपाठ प्रमोद खरोखरची बरणी घेऊन दारात आला. तोवर विठाबाईंनी 'गळती' ओळखून टाकलं होतं. सी विंगचा पाइप दोन दिवस टपकत होता.

शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हिंदुराव उभे राहिले. "या खेळात साटंलोटं चालू आहे."

प्रमोद लालबुंद झाला. "म्हणजे मी काकूंना शब्द फोडतो, असं म्हणायचंय का काका? मग उद्यापासून खेळ बंद. मला काय, पाण्याची बिलं कमी आहेत का!"

"बंद कशाला?" विठाबाई मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या. त्या वाटाणे सोलत होत्या. "उद्या शब्द ह्यांनीच धरावा. एका प्रयत्नात ओळखला नाही तर मी चोर. सगळ्यांदेखत ग्रुप सोडते."

"आणि ओळखलास तर?"

"तर सकाळी तुमच्याबरोबर फिरायला मी येणार. रोज."

हिंदुराव जरा थबकले. दिवसातला तेवढाच एक तास त्यांचा स्वतःचा होता. पण तीन अक्षरी शब्द हजारो असतात. तक्ता त्यांच्या बाजूनं होता.

"कबूल," ते म्हणाले.

त्यांनी कुठलीच फट ठेवली नाही. घरात शब्द धरला तर विठा चेहऱ्यावरून वाचेल, म्हणून तो धरला फिरायला गेल्यावर, स्टेशनकडच्या एका कोपऱ्यावर उभं राहून. तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. शब्दही असा काढला, की जो दोन वर्षांत विठासमोर त्यांच्या तोंडून चुकूनसुद्धा निघालेला नाही. तिथेच चिठ्ठीवर लिहिला, चार घड्या घातल्या, खिशात ठेवला. घरी येऊन रुमाल धुतला. आठला पाच मिनिटं कमी असताना खाली गेटपाशी जाऊन चिठ्ठी प्रमोदच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

रविवार असल्यानं अख्खी सोसायटी गोळा झाली होती. विठाबाईंनी चिठ्ठीकडे पाहिलंही नाही. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, चपलेपासून वरपर्यंत, सावकाश.

"जिलेबी," त्या म्हणाल्या.

प्रमोदनं चिठ्ठी उलगडली. वाचली. मग ती हिंदुरावांपुढे धरली, तपासणीला माल आणावा तशी.

"बाबा?" किर्ती म्हणाली.

हिंदुराव सी विंगच्या पाइपाकडे बघत राहिले.

विठाबाईंनी पदर खोचला. "उद्या सहाला निघू. आणि तो रुमाल आता माझ्याकडे टाकत जा. दोन वर्षं झाली, तुमच्याच्यानं त्यातला पाक काही निघत नाहीये."