गोगट्यांचा नंबर

नव्या मुलीने “शैले” म्हणून हाक मारली, तेव्हा सर्व्हर रूमच्या गारठ्यातही शैला बोरवणकरांना घाम फुटला. असं त्यांना एकच माणूस म्हणायचा, त्यांचे साहेब गोगटे, आणि ते जाऊन पंधरा दिवस झाले होते.

आठवणी डोक्यात मावेनाशा झाल्यापासून सगळ्यांच्याच सर्व्हरवर असत, ज्याच्या त्याच्या होम डिरेक्टरीत, म्हणजे खासगी कप्प्यात. परवा, गोगट्यांच्या तेराव्यालाच, शैलाबाईंनी त्यांचं खातं उडवलं. वीस वर्षं चारचौघांत पाणउतारा करणारा यादीतून गेला, या आनंदात त्यांची डिरेक्टरी पुसायची राहिली. फायली मालकाला नावाने ओळखत नाहीत, नंबराने ओळखतात. गोगट्यांचा १०४७ मोकळा झाला आणि आज सकाळी तो, न पुसलेल्या आठवणींसकट, या नाझनीन तांबोळीला मिळाला.

“डिरेक्टरी पुसल्याशिवाय नंबर मोकळा करायचा नाही, किती वेळा सांगितलंय तुला?” नाझनीन म्हणाली. तुच्छतेने नाक उडवणंही थेट गोगट्यांचंच.

“चूक झाली,” शैलाबाई पुटपुटल्या. “आत्ता पुसते.”

“पुसशीलच. हात बसलाय तुझा.” नाझनीनने कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतला. “जागा कमी पडते म्हणून नेमकी माझ्या हृदयाच्या गोळ्यांची आठवण काढून टाकलीस. छाती धरून बसलो होतो, तेव्हा कोणी काय पुसलं त्याचा लॉग उघडला मी. तुझंच नाव होतं. कुणाला सांगायला वेळ उरला नाही.”

शैलाबाईंनी कीबोर्ड परत घ्यायला हात पुढे केला.

“आता मात्र,” नाझनीन शांतपणे म्हणाली, “माझं वय तेवीस आहे.”