शेवटची ओळ

नायगावच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर अमितने लिनक्समध्ये पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट चालवली. ऑफिसच्या विस्कटलेल्या फायली त्या स्क्रिप्टने तारखेवार लावल्या आणि काळी स्क्रीन निमूट झाली.

"झालं का रे?" बाबांनी विचारलं.

"झालं, बाबा. सगळं नीट झालं की हे गप्प राहतं. चुकलं तरच बोलतं."

"असं कसं? काम झाल्यावर काहीतरी बोलावं की."

मग अमितने दाखवलं तसं, एका बोटाने अक्षरं शोधत, बाबांनीच स्क्रिप्टची शेवटची ओळ टाईप केली. तेव्हापासून काम संपलं की स्क्रीनवर उजळायचं: जय भीम.

परळच्या ऑफिसात साहेबांसमोर स्क्रिप्ट चालवून दाखवायची होती. त्या सकाळी बाबा अंघोळीला गेलेले पाहून अमितने ती ओळ पुसली आणि स्क्रिप्ट पेनड्राइव्हवर घेतली. साहेब खूश झाले.

संध्याकाळी बाबा हौसेने खुर्ची ओढून बसले. "साहेबांना दाखवलंस तसं दाखव."

काम संपलं. काळ्या स्क्रीनवर कर्सर तेवढा लुकलुकत राहिला. बाबा ओळीची वाट बघत पुढे वाकले.

"माझ्या ओळीत काही चूक होती का रे?"