निळी चादर

"त्याला पेनिसिलिन चालतं," म्हातारी म्हणाली आणि अडखळली. "म्हणजे... चालत असावं. मी... तेव्हा मी खोटं सांगितलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. समोर चार दवाखान्यांच्या चार फायली होत्या आणि चारही ठिकाणी लाल अक्षरांत एकच गोष्ट: पेनिसिलिनची ॲलर्जी. खाटेवर म्हातारीचा मुलगा, उशाशी सून. हृदयाच्या झडपेत जंतू शिरलेले. नऊ दिवस दुसरं औषध देऊन जंतू हटले नव्हते, मूत्रपिंडं मात्र थकली होती. आता उपाय उरला होता तो पेनिसिलिनचाच.

"आजी, चार डॉक्टर चुकतील का?"

"पहिल्याला मी सांगितलं. बाकीच्यांनी... उतरवून घेतलं."

तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. सुई पाहून तो आईच्या गळ्याला असा मिठी मारून बसला की तिला ते बघवेना. मागच्या सुईने अंगभर लाल गांधी उठल्या होत्या, अशी तिने थाप मारली. सुई टळली. गोष्ट मात्र घरात राहिली. आल्यागेल्याला सांगता सांगता तिला तिखटमीठ लागत गेलं. बाप तर मुलगा दोन वर्षांचा असतानाच गेला होता. घरात तिसरं माणूस नव्हतं. लहानपणाचं जे काही होतं, ते आईच्याच तोंडचं.

"काहीतरीच काय बोलतेस, आई!" मुलगा म्हणाला. "मला चांगलं आठवतंय. निळ्या चादरीवर तळमळत होतो मी."

"आपल्याकडे निळी चादर कधी नव्हतीच रे. ती मी... गोष्टीत मागाहून घातली."

"वयामुळे होतं असं," सून डॉक्टरीणबाईंना हळूच म्हणाली.

जन्मभरात म्हातारीची एकही थाप अडखळली नव्हती. आज खरं बोलायची वेळ आली तर जीभ जड झाली होती, आणि नेमकं त्यामुळेच कोणी तिचं ऐकत नव्हतं. तिला रडूच फुटलं.

डॉक्टरीणबाईंनी फायली मिटल्या. "मी कागदांचंही ऐकत नाही आणि आजींचंही नाही. पेशंटच्या हातालाच विचारू."

हाताच्या कातडीत औषधाचा एक थेंब टोचला. वीस मिनिटं सगळे त्या हाताकडे बघत बसले. काही उठलं नाही. मग थोडा डोस दिला, मग आणखी थोडा. तरीही काही नाही. पेनिसिलिनची बाटली टांगली गेली. सुनेने सासूचा हात धरला तो सोडेचना.

मुलगा अजून त्या कोऱ्या हाताकडे बघत होता.

"आई," तो म्हणाला, "मग बाबा मला खांद्यावर बसवून गाड्या दाखवायला न्यायचे... ते?"

"ते अगदी खरं," म्हातारी म्हणाली. जराही न अडखळता.